मिथेनॉलमधलं मीठ

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि वरसे गावात खोली घेऊन एकटी राहत होते. नोकरी सांभाळून पीएचडी चालली होती. पाणी आणि मिथेनॉल एकत्र केलं तर त्यात मीठ किती विरघळेल, हे आधीच सांगणारं समीकरण मला बसवायचं होतं. पाणी जास्त असलं की गणित जुळायचं. मिथेनॉल वाढवत नेलं की मात्र मीठ हिशेबापेक्षा जास्तच विरघळायचं.

मुंबईतले माझे सर पत्राला महिन्याभराने उत्तर द्यायचे, "पुन्हा मोजा." कंपनीत मी एकटीच बाई. "मॅडम, चहा?" यापलीकडे दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं होत नसे. कधीकधी आकडेच मोठ्याने वाचायची, आवाज ऐकू यावा म्हणून.

आई पेणजवळच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला जायची. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून त्या श्रावणात ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली. आल्या आल्या चुलीपाशी गेली आणि मिठाचा डबा उघडून ओरडली, "काय गो ह्ये? सगळ्या मिठाला पाणी सुटलंय!"

"पावसाळा आहे ना, आई."

"मग झाकण घट नाय लावायचं? उघडं ऱ्हायलं का वाऱ्यातलं पाणी ओढतंय ता."

मी भाजी चिरायची थांबले. मिथेनॉलही हवेतलं पाणी ओढून घेतं. हे मला पाठ होतं, कुणी विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं. आणि लॅबमधली माझी मिथेनॉलची मोठी बाटली दिवसातून दहादा उघडली जात होती, भर पावसाळ्यात, खिडकीजवळ. ज्याला मी निव्वळ मिथेनॉल समजत होते, त्यात पाणी मिसळलेलं होतं, आणि मीठ पाण्यातच जास्त विरघळतं.

दुसऱ्या दिवशी तपासलं. होतंच. नवं मिथेनॉल मागवून, बाटल्या घट्ट बंद ठेवून सगळं पहिल्यापासून मोजायला तीन महिने गेले. शेवटचा बिंदू आलेखाच्या रेषेवर पडला तेव्हा दुपार होती, लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. सांगणार कुणाला?

संध्याकाळी पीसीओवरून आईच्या गावी शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी आईला बोलावून आणलं.

"आई, जुळलं गो माझं!"

"काय जुळलं? लग्न?"

"नाय गो. गणित."

ती म्हणाली, "बरं झालं. तिथं कोण हाय का गो तुझ्याबरं?"

"आहेत की," मी खोटं बोलले.

प्रबंध मंजूर झाला. पहिल्या पानावर सरांचे, कंपनीचे, ग्रंथपालांचे आभार मानले आहेत. आईचं नाव मी घातलं नाही. मिठाच्या डब्याची गोष्ट परीक्षकांना काय सांगायची, असं तेव्हा वाटलं. बांधलेली प्रत तिला दाखवली, तेव्हा तिने हात पदराला पुसले आणि मगच ती हातात घेतली. "ह्यात मीठ हाय व्हय?" म्हणाली. मी नुसतं हो म्हटलं.