बाबांच्या नावाची बाटली

बाबा अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात होते. बदलापूरच्या आमच्या घरी जेवणं झाली की बाबांच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालायच्या, हेच माझं बालपण. नाल्यातल्या रसायनांपासून फाटक्या हातमोज्यांपर्यंत सगळं आम्ही छापलं. एक गोष्ट मात्र कधीच छापली नाही. वार्षिक मेडिकलच्या दिवशी ज्याच्या लघवीत लाल छटा दिसे, तो नव्या भरतीतल्या कुणाची तरी लघवी आपल्या बाटलीत भरून देई. त्याची नोकरी टिकायची, कंपनीचं रेकॉर्ड स्वच्छ राहायचं. दोन्ही बाजूंच्या सोयीचं खोटं कोण छापणार?

गेल्या वर्षी बाबांच्या जुन्या जोडीदाराला मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. त्याच सुमारास उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, रंगकामगारांसाठी एक नवी तपासणी सुरू झाली. मीच बाबांना ओढून नेलं.

तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, "काका, शरीरातली प्रत्येक पेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडते. पेशीत काय चाललंय त्याची खबर त्यांत असते. लघवीतून आम्ही त्या वेगळ्या काढतो."

"म्हणजे पेशी पत्रकं वाटते," बाबा म्हणाले.

"आजारी पेशी जरा जास्तच. तिच्या पिशव्या पुढे जाऊन दुसऱ्या अवयवात आजारासाठी जागा करून ठेवतात. उद्या ह्याच पिशव्यांत औषध भरून नेमकं तिथं पाठवता येईल."

"उद्या म्हणजे कधी?"

ती बाटलीवर बाबांचं नाव लिहू लागली.

सकाळची पहिली लघवी बाबांनी नेऊन दिली. काही आठवड्यांनी डॉक्टरने बोलावून घेतलं. पिशव्यांतली खूण चांगली नव्हती. दुर्बिणीनं आतून बघावं लागणार होतं. घरी आल्यावर बाबा आईसमोर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ती माझी नव्हती. हिची होती."

आई भाजी निवडत होती. "फिट यावं म्हणून माझी नेलीत ना?" ती म्हणाली. "घ्या आता फिट."

बाबांचे रंगानं थबथबलेले कपडे तिनं वर्षानुवर्षं हातानं धुतले होते. मोरीच्या लाद्या अजून पिवळ्या आहेत. आमच्या एकाही पत्रकात ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. बाबांनी खरं ते सांगितलं. डॉक्टर रागावली नाही. तिनं दोन रिकाम्या बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि आईला विचारलं, "काकू, लघवी कधी लालसर होते का?"

आईनं आधी बाबांकडे पाहिलं.

"होते मधूनमधून," ती म्हणाली. "त्या दिवशी स्वच्छ होती, म्हणून तर ह्यांना दिली."