तीन हंगामांचं ग्राफिक्स कार्ड

आमचे साडभाऊ कोणतीही वस्तू विकत घेत नाहीत. ते तिची शिफारस करतात. विकत घेणं हा त्यानंतरचा किरकोळ भाग, आणि बहुधा तोपर्यंत त्या वस्तूची गरज संपलेली असते. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंदेवाहीला धानाच्या नव्या वाणांवर जिथे संशोधन चालतं, त्या फार्मवर त्यांनी चौतीस वर्षं बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या खाचरांमधला चिखल तुडवला. साहेब लोक आले आणि बदलून गेले, हे मात्र तिथेच रुजले. फार्मवरची रीत अशी, की नवं वाण जुन्या वाणाच्या शेजारी लावायचं आणि तीन हंगाम त्यावर नजर ठेवायची. फुटवे किती आले, वाऱ्यात लोळलं का, तुडतुड्यांनी किती खाल्लं हे लिहून ठेवायचं, आणि मगच शेतकऱ्याला सांगायचं की आता लाव बाबा. रीत उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त संध्याकाळी घरी निघताना ती फार्मच्या फाटकापाशी काढून ठेवायची असते, हे साडभाऊंना चौतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही.

त्यांचं लग्नसुद्धा याच रीतीने झालं. मुलगी पाहायला ते तीनदा आले. एकदा ऐन उन्हाळ्यात, एकदा पाणी धो धो पडत असताना आणि एकदा थंडीत. दुसऱ्या खेपेनंतर माझे सासरे दुसरं स्थळ पाहायला लागले होते, पण हा माणूस तिसऱ्यांदा उगवला आणि होकार देऊन मोकळा झाला. मेव्हणीबाई अजून तो किस्सा सांगतात. "पाव्हने तीन डाव पोहे खाऊन गेले. मी का धानाचं वाण होतो का?" साडभाऊ त्यावर शांतपणे म्हणतात, "पयल्या साली सगळेच चांगले दिसतात." हे वाक्य ते कौतुकाने म्हणतात की कसं, हे आमच्या कुटुंबात आजवर ठरलेलं नाही.

घर बांधलं तेव्हा पंख्यांचा प्रश्न आला. दोन कंपन्यांचे दोन पंखे साडभाऊंनी दोन खोल्यांत लावले आणि तिसरी खोली तुलनेसाठी बिनपंख्याची ठेवली. ही तुलनेची खोली पाहुण्यांची. चंद्रपूरकडचं ऊन ज्यांना माहीत आहे, त्यांना मे महिन्यात त्या खोलीत झोपलेल्या माणसाची अवस्था सांगायला नको. तो माणूस मी होतो. सकाळी उठून पाहतो तर साडभाऊ उशाशी उभे, हातात वही. "झोप किती डाव मोडली?" मी मोजली नव्हती म्हणून ते जरा नाराज झाले. निकाल लागायला दोन उन्हाळे गेले. तोवर एक पंखा जळाला होता, त्यामुळे दुसऱ्याची शिफारस सोपी झाली.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण पंख्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते मुलीचं. साडभाऊंना ही एकच मुलगी. नागपूरहून घरांच्या सजावटीचा कोर्स करून ती परत सिंदेवाहीला आली आणि कॉम्प्युटरवर चित्रं करून द्यायला लागली. घर बांधायच्या आधीच ते बांधल्यावर कसं दिसेल, खिडकीतून ऊन कुठे पडेल, याचं हुबेहूब चित्र. ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टरांचा बंगला तिने असा करून दिला, गडचिरोलीचं एक मंगल कार्यालय करून दिलं. हात चांगला होता, पण कॉम्प्युटर कॉलेजातला, असेंबल केलेला. एक चित्र तयार करायला तो सकाळी बसला की दिवेलागणीला उठायचा, आणि मधे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं थांबेनाशी झाली. त्यात हैदराबादच्या एका कंपनीने तिचं काम पाहून येतेस का म्हणून विचारलं. तिला जायचं नव्हतं. तिने चौकशी केली, तर कॉम्प्युटर चांगलाच होता, त्यात ग्राफिक्स कार्ड नव्हतं एवढाच दोष. महागडं नको, स्वस्तातलं, मध्यम प्रतीचं बसवलं तरी दिवसाचं काम तासावर येणार होतं. पैसे तिच्याजवळ होते, पण त्या घरात शिफारशीवाचून चमचाही येत नाही आणि बापाला डावलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मौसाजी, तुमी समजावून सांगा न बाबाले," ती मला म्हणाली. "कार्ड आलं त मी इथीच राहीन. नाई त हैदराबादले जा लागन."

मी जसंच्या तसं सांगितलं. साडभाऊंनी मान डोलावली, चष्मा पुसला आणि नवी वही काढली.

पुढचं सगळं मी जवळून पाहिलं, कारण अर्धं माझ्या सोबतीने झालं. चामोर्शीला लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे अशा प्रकारचं कार्ड आहे असं साडभाऊंना कळलं. मूल गावाला बस बदलून आम्ही दोघं बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात पोचलो. तो बिचारा नवरीच्या डोक्यावर अक्षता पाडत होता. साडभाऊंनी आधी कॅबिनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटून उभे राहिले. मग प्रश्न सुरू झाले. लावून किती दिवस झाले? वीज किती खाते? पंख्याचा आवाज कसा? मग जरा थांबून, "ढगाळ वातावरनात कसं चालते?" मिक्सिंगवाल्याने इतका विचार करून उत्तर दिलं, की त्या दोघांची ओळख मागच्या जन्मीची असावी असं मला वाटलं. "पावसाळ्यात मी लावतच नाई न भाऊ. लग्न कुठी असतात पावसाळ्यात?" साडभाऊंनी तसं लिहून घेतलं: पावसाळा, निरीक्षण बाकी.

ते निरीक्षण करायला ते भर पावसात पुन्हा चामोर्शीला गेले. त्या माणसाने यांच्या समाधानासाठी जुनं एक लग्न मशीनवर चालवून दाखवलं म्हणे. थंडीत तिसरी खेप झाली. वहीत उंचीच्या रकान्यात कार्डाची लांबी होती, रोगाच्या रकान्यात "पडदा मधेच निळा पडणे, एकदा" असं होतं, आणि शेवटी लाल शाईत "शिफारसयोग्य". आम्ही वाजतगाजत चंद्रपूरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वही पाहिली, साडभाऊंकडे पाहिलं आणि सांगितलं, "काका, हे मॉडेल बंद झालं."

"बंद?" साडभाऊंचा चेहरा मी तेवढा पडलेला कधी पाहिला नव्हता. "खराब निघालं का?"

"नाई जी. नवीन आलं."

"अन् त्याची चाचनी कुठी झाली?"

दुकानदाराला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला असावा. त्याने नवं कार्ड खोक्यातून काढून दाखवलं. साडभाऊंनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. बसमध्ये ते मला समजावत होते, की धानाचं चांगलं वाण वर्षानुवर्षं टिकतं, आजोबाने लावलेलं नातू लावतो, आणि हे कसलं वाण जे दुसरी रोवणी पाहत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर समोर दिसेल ते उचलायचं. ते म्हणाले, "पयल्या सालाच्या भरोशावर म्या शेतकऱ्याले कदी फसवलं नाई, आता पोरीले फसवू का?" दुसऱ्या वर्षी नव्या कार्डाची चाचणी सुरू झाली. त्यासाठी त्यांनी भद्रावतीच्या कॉलनीत ते कार्ड घरी असलेलं एक कुटुंब हेरलं आणि ओळखपाळख नसताना तीन हंगाम त्यांच्या घरी चहा प्यायला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तेही मॉडेल बंद झालं.

घरात मुलीचं काम तसंच चालू होतं. ती सकाळी एक चित्र लावून द्यायची आणि आईला स्वयंपाकात मदत करत बसायची. कामं कमी होत गेली. हैदराबादवाल्यांचा फोन मधूनमधून यायचा, ती बाहेर अंगणात जाऊन बोलायची. मेव्हणीबाईंनी एकदा ताट समोर ठेवता ठेवता सांगून पाहिलं, "एक डबा आनाचा आहे, जवाई नाई." साडभाऊ जेवत राहिले. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी मुलीनेच विचारलं, "बाबा, झाली का शिफारस?" ते म्हणाले, या साली नक्की होते. ती बरं म्हणाली.

त्यानंतर आठ दिवसांनी मला चंद्रपूरच्या त्या दुकानदाराचा फोन आला. "तुमचे ते वहीवाले काका सकाळच्या बसने आले होते. आल्या आल्या कार्ड घेतलं, सोबत वीज पुरवायचा नवा एसएमपीएस घेतला, दहा मिनिटांत गेले. काही विचारलं नाई, बिलसुद्धा वाचलं नाई. तब्येत बरी आहे न त्याईची?" मलाही तीच शंका आली. मी दुसऱ्या दिवशी सिंदेवाही गाठलं. कार्ड बसलेलं होतं. मुलीने माझ्यासमोर एक चित्र लावलं आणि चहा उकळेपर्यंत ते तयार झालं, ऊन, खिडकी, पडद्याच्या चुण्या, सगळं. आम्ही तिघं नुसते पाहत राहिलो. "मस्त आहे बाबा," ती म्हणाली, आणि मग खाली बघत म्हणाली, "पन म्या त्याईले परवाच हो म्हनून टाकलं."

साडभाऊ म्हणाले, "बरं केलं." आणि तिच्यासाठी नवी बॅग पाहायला उठले. बॅगही त्यांनी त्याच दिवशी आणली, समोरच्या दुकानातून, पहिली दिसली ती.

ती गेल्यावर महिनाभराने मी एका रविवारी दुपारी गेलो, तर ते कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसलेले. पडद्यावर काही नव्हतं. बंद ठेवला तर ओल धरतो, म्हणून रोज तासभर चालू ठेवतो, असं म्हणाले. मी बाजूला बसलो. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "साडभाऊ, चामोर्शीले पयल्या डावाले गेलो न आपन, तवाच मले समजलं होतं. कोनतंही घेतलं असतं तरी चाललं असतं."

"मंग घेतलं काऊन नाई?"

"कार्ड आलं असतं त तिचं काम जोरात चाललं असतं. नाव झालं असतं. मंग मोठ्या शहरातून बोलावनं आलं असतं, अन् ते तिले मोडता आलं नसतं. मनलं, जेवढं लांबते तेवढं लांबू द्या. दिवाळीच्या आधी ती नुसतं बरं मनली, तवा भेव वाटलं अन् धावलो."

कार्ड आलं तर राहते, हे तिने मला सांगितलं होतं, मी त्यांना सांगितलं होतं, मेव्हणीबाईंनी सांगितलं होतं. चौतीस वर्षं पुराव्याशिवाय एक अक्षर न लिहिलेल्या माणसाने नेमकी हीच एक गोष्ट तपासून न पाहता मनाशी ठरवून टाकली होती. हे त्यांना बोलून दाखवावं असं मला वाटलं नाही, कारण ते त्यांना माझ्याआधी कळलेलं दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. मेव्हणीबाईंनी चहा आणला, आम्ही तो घेतला, आणि तासभर झाल्यावर त्यांनी उठून कॉम्प्युटर बंद केला.

आमच्या नात्यागोत्यात साडभाऊंची नक्कल मी चांगली करतो असं लोक म्हणतात. लग्नकार्यात पंगत उठली की आग्रह होतो, आणि तीन वर्षं मी त्यावर भरपूर हशे घेतले. मागच्या महिन्यात एका साखरपुड्यात असाच आग्रह झाला. मी उभा राहिलो, सगळे गप्प होऊन माझ्या तोंडाकडे पाहायला लागले, काहीजण तर आधीच हसायला लागले होते. घसा बसला आहे म्हणून सांगितलं आणि खाली बसलो.