आसेगावचा नऊ नंबर

"ओ भाऊ, थांबा! हे बूट तुमचे नाहीत!"

वाशीमच्या एसटी स्टँडवर मी असा ओरडलो तेव्हा अकोल्याच्या गाडीत बसण्यासाठी गर्दी रेटत होती. तो तरुण एक पाय पायरीवर टाकून उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत कागदांची फाईल, आणि पायात काळे, लेसचे, रुंद तोंडाचे बूट. डाव्या बुटाच्या टाचेपाशी एक तिरका ओरखडा होता. तो मीच पाडलेला. पार्सलची सुतळी कापताना सुरी घसरली, मग मी त्यावर काळं पॉलिश चोळलं आणि दिवाळीत तो जोडा विकून टाकला. पण ह्या माणसाला नाही. आसेगावच्या इंगळे गुरुजींना.

"माहे नाईत, बरोबर हाये," तो म्हणाला. "गावाचे हायेत."

"गावाचे म्हणजे?"

"गावाचे म्हंजे गावाचे! सोडा ना भाऊ, इंटरव्ह्यू हाये माहा!"

पकडला गेल्यावर माणूस काय वाटेल ते बोलतो, असं मला वाटलं. मी त्याची बाही धरली. त्याने हिसका दिला, आत शिरला, आणि गाडी निघाली. मी मागे धावलो. दहा पावलं धावलो असेन, तोच माझ्या उजव्या बुटाची टाच निघून एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. ढोपर सोललं. दारातल्या कंडक्टरने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, दुसरी गाडी दीड घंट्यानं हाये."

आता माझ्या पायात काय होतं ते सांगतो, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. वाशीम अकोला जिल्ह्यातला तालुका होता, आणि मी एका बुटांच्या कंपनीच्या तिथल्या दुकानात सेल्समन होतो. मी मूळचा अकोल्याचा. नोकरी प्रोबेशनवर, म्हणजे साहेबांची मर्जी असेपर्यंत. आमचे एरिया मॅनेजर सबनीस साहेब नागपूरला बसत. त्यांना फॅशनचं भारी वेड. खालून घेरदार पँट, कानांवर केस, आणि बोलताना निम्मं लक्ष स्वतःच्या बुटांकडे. त्यांनी त्या वर्षी 'डान्सर' नावाचं मॉडेल काढलं. निमुळतं तोंड, वर पितळी बक्कल, लेस नाही, आणि टाच अडीच इंच. वाशीमला त्याचा एवढा माल आला की मला बसायला स्टूल ठेवायला जागा उरली नाही. वर सेल्समनच्या पायातही तोच हवा, असा हुकूम; म्हणून माझ्याही पायात डान्सरच.

डान्सर खपेना. लोक यायचे, हातात घ्यायचे, टाच पाहून हसायचे आणि विचारायचे, "तो जुना हाये का?"

जुना म्हणजे 'ऑफिसर'. काळा, गोल रुंद तोंडाचा, लेसचा. माझ्या जन्माच्या आधीपासून तसाच. मी त्याला भोपळा म्हणायचो. साहेबांनी तो बंद केला होता. फॅक्टरीत नवीन बनत नव्हता, दुकानात उरलेले संपवायचे एवढंच.

आमच्या ट्रेनिंगचा पहिला धडा असा की, पायाचं माप घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला जोडा दाखवायचा नाही. चुकीचा नंबर दिला की पायाला फोड येतात आणि गिऱ्हाईक परत येत नाही. दिवाळीच्या आधी इंगळे गुरुजी दुकानात आले. आसेगावच्या शाळेत मास्तर, अंगाने काटकुळे, आवाज मात्र वर्गातला. मी माप घेतलं. सहा.

"ऑफिसर दाखवा. नऊ नंबर."

"गुरुजी, तुमचा पाय सहा आहे."

"चाळीस वर्षं झाले, मले माईत हाये. नऊ दाखवा."

"अहो, त्यात तुमचे दोन्ही पाय मावतील!"

"मी नाई घालून पाहत. भगवान, ये रे!"

दुकानाच्या पायरीवर बसलेला एक आडदांड माणूस उठून आत आला. गुरुजींचा चुलतभाऊ. त्याचे पाय पाहून मी माप पुढे केलंच नाही. त्याने बूट घातला, लेस बांधली, उभा राहिला.

"आंगठा हालून राह्यला का?" गुरुजींनी विचारलं.

"हालून राह्यला."

"बांधा," गुरुजी मला म्हणाले. "अन् लेसच्या चार जोड्या जादा द्या."

हं, म्हणजे बूट भगवानभाऊंना! मला उलगडा झाला. "भाऊ, घालूनच जा की," मी म्हटलं.

भगवानभाऊंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मी कायले घालू? मी इहिरी खंदतो."

ऑफिसरचा नऊ नंबरचा तो शेवटचा जोडा होता. तो कोणासाठी गेला हे मला तेव्हा कळलं नाही, आणि डोक्यात ते राहून गेलं. म्हणून तर स्टँडवर तो ओरखडा दिसताच मी झडप घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर पायरीवर गुरुजी आणि भगवानभाऊ.

"आमच्या रमेशले चार लोकांत चोर म्हटलं तुमी?"

"गुरुजी, तुमचे बूट त्याच्या पायात..."

"त्याच्याच पायात असाले पाह्यजे होते! काल त्याचा नंबर होता."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वस्तीतला पहिला पोरगा मॅट्रिक होऊन नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेला, तेव्हा पायात चप्पल होती, तीही तुटकी. साहेबाने आधी पायाकडे पाहिलं, मग कागद न बघताच परत पाठवलं. तो पोरगा म्हणजे खुद्द गुरुजी. मास्तरकी पुढे मिळाली, पण ती नजर काही ते विसरले नाहीत. बुद्धविहारात बैठक भरली, घराघरातून वर्गणी निघाली आणि वस्तीने एक जोडा घेतला. तेव्हापासून इंटरव्ह्यू असो, लग्न असो, कचेरीत साहेबापुढे उभं राहायचं असो, ज्याचं काम त्याच्या पायात तो जोडा. पहिला पार झिजला म्हणून दिवाळीत हा दुसरा घेतला.

"अन् तुमी त्याची बाही धरली," गुरुजी म्हणाले. "फाटली असती तं? त्याच्यापाशी दुसरा शर्ट नाई."

मला खरंच लाज वाटली. मी हात जोडले. माफी मागितली. भगवानभाऊ माझ्या ढोपराकडे बघत होते. "लय लागलं का?" त्यांनी विचारलं, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. कंडक्टरने आसेगावपर्यंत बातमी पोचवली होती.

त्याच महिन्यात नागपूरहून पत्र आलं. 'डान्सर का खपत नाही याचा खुलासा करण्यासाठी मंगळवारी हजर राहा. तुम्हाला कायम करायचं की नाही ते त्याच दिवशी ठरेल.' आली का पंचाईत! घरी लग्नाच्या दोन बहिणी होत्या आणि वडील रिटायर झालेले. नोकरी गेली असती तर अकोल्याला तोंड दाखवायची सोय नव्हती. वर पायात काय घालायचं हा प्रश्न. दुकानात डान्सरची चळत होती, पण पुन्हा त्या टाचांवर चढायची माझी छाती होईना.

गुरुजी लेस घ्यायला आले होते. मी तोंड पाडून बसलेला पाहून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पानं उलटली.

"मंगळवारी रिकामे हायेत," ते म्हणाले. "पण बुधवारी सकाळी आले पाह्यजेत. दुपारी मानोऱ्याले लग्न हाये, नवरदेव आपला हाये."

"गुरुजी, माझा पाय सात आहे."

"मंग? आपल्याकडं कापूस कमी हाये का?"

सोमवारी आसेगावच्या स्टँडवर रमेशने स्वतः जोडा आणून दिला. लेस कोरी करकरीत होती. मी विचारलं तर म्हणाला, "ज्याचं काम झालं, त्यानं नवी लेस टाकाची. माहं झालं." मग माझ्या बाहीकडे बघून म्हणाला, "जपून जा भाऊ. कोणी धरन." मी बाही सारखी केली आणि गाडीत बसलो.

सबनीस साहेबांनी मला दारातून आत येताना पाहिलं, आणि नजर थेट खाली गेली.

"हे काय घातलंत? तुम्ही आमचे सेल्समन की पोस्टमन?"

"साहेब, खुलासा घेऊन आलोय," मी म्हटलं, आणि खाली बसून उजवा बूट काढला. टेबलावर ठेवला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मी आतून कापसाचा बोळा ओढून काढला. तो संपतच नव्हता.

"हा नऊ नंबर आहे. माझा पाय सात. ह्याच महिन्यात ह्यात आठ नंबरचा पाय होता, उद्या सहाचा असेल. हा एकच जोडा सगळी वस्ती घालते."

"मग नऊच का?"

"नवात सहा मावतो साहेब. सहात नऊ मावत नाही."

"आणि लेस?"

"लेस आवळता येते. डान्सर आवळता येत नाही. आत कापूस घातला तरी पाय घसरतो, आणि टाच आधी निघते." ढोपराचं मी सांगितलं नाही.

"पण फॅशनचं काय? जरा चांगलं दिसावं असं वाटत नाही त्यांना?"

"वाटतं ना! म्हणून तर हा घेतात. डान्सर दोन वर्षांत जुना दिसेल. मग तिसऱ्या वर्षी जो इंटरव्ह्यूला जाईल त्याने काय करायचं? हा मुळातच जुना आहे. आणखी जुना होतच नाही. आणि ज्याच्यापुढे उभं राहायचं, तो साहेबही बहुतेक असलाच घालतो."

टेबलाखाली काहीतरी हालचाल झाली, पितळी बक्कल खुट्ट वाजलं. मग त्यांनी हात पुढे केला. "दुसरा द्या."

मी डावाही काढला आणि दोन्ही बूट पुढे सरकवले. साहेबांनी ते घातले, लेस आवळली, आणि केबिनमध्ये एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी डान्सरच्या एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. अडीच इंच खाली आल्यामुळे साहेब मात्र बरेच बुटके निघाले.

"आठ नंबर कुठल्या दुकानात मिळेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठेच नाही साहेब. तुम्हीच बंद केलेत."

"मग हाच ठेवून जा."

"जमणार नाही."

"अहो, मी तुमचा एरिया मॅनेजर आहे!"

"खरंय साहेब. पण उद्या मानोऱ्याला लग्न आहे."

मी अनवाणी उभा, साहेब माझ्या जोड्यात, आणि मध्ये माझी नोकरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग खाली वाकून एक एक लेस सोडायला लागले, आणि वाकल्या वाकल्याच हसायला लागले. जाताना मला कागद मिळाला. कायम झालो होतो. ऑफिसर पुन्हा सुरू झाला, वाशीमसाठी मोठे नंबर जास्त. डान्सरची चळत साहेबांनी कुठल्याशा मोठ्या शहरात हलवली. तिथे लोक एकेकटेच बूट घालत असावेत.

बुधवारी सकाळी मी आसेगावला उतरलो. गुरुजी, भगवानभाऊ आणि नवरदेव स्टँडवरच उभे होते. नवरदेव अनवाणी.

"झालं काम?" गुरुजींनी विचारलं.

"झालं."

ते माझ्या पायातल्या बुटांकडे बघत राहिले. मी तिथेच पारावर बसलो, बूट उतरवले, खिशातून कोरी लेस काढली आणि ओवायला घेतली. घाईत भोकं सापडेनात. भगवानभाऊ शेजारी बसले, त्यांनी दुसरा बूट घेतला. नवरदेवाची गाडी हॉर्न वाजवत होती, पण लेस पुरी होईपर्यंत कोणी मला घाई केली नाही.

पुढे वीस वर्षं मी बूट विकले. ट्रेनिंगचा पहिला धडा नव्या पोरांना मीच शिकवायचो, माप घेतल्याशिवाय जोडा दाखवू नका म्हणून. फक्त एखाद्या सहा नंबरच्या माणसाने नऊ नंबर मागितला, की मी माप बाजूला ठेवायचो आणि एवढंच विचारायचो, "लेस किती देऊ?"