बारा हापशांची घागर

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि आमच्या घरी घड्याळात किती वाजले हे सोडून कुठलाही आकडा मला कुणी विचारत नाही. याला कारण एक हातपंप आहे.

ऐंशीच्या दशकातला मद्रासचा एक उन्हाळा. वेस्ट मांबलममधल्या आमच्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीचे नळ महिनाभर नुसते खोकत होते. मागच्या अंगणातल्या हातपंपावर सगळ्यांची भिस्त, आणि पंपाभोवती रोज सकाळी महायुद्ध. घागरी मोजून वाटणी करावी, तर प्रत्येकाच्या घागरीचं पोट वेगळं. तळमजल्यावरच्या अलमेलू मामींची घागर तर घागर नव्हतीच, ती टाकी होती आणि तिला घागरीसारखा गळा होता एवढंच.

त्या आठवड्यात मी सातवीला समप्रमाण शिकवत होतो. (हा माझा आवडता धडा. माणसाचा गर्व नेहमी आवडत्या धड्यातच उतरतो.) मी सेक्रेटरी रंगाचारी मामांना म्हटलं, "मामा, घागरी मोजूच नका. हापसे मोजा. दांडा खाली-वर झाला की एक हापसा. प्रत्येक घराला ठरावीक हापसे."

मामा रेल्वेतून निवृत्त झाले होते, त्यांना नियमाची भूक होती. लगेच प्रयोग झाला. अलमेलू मामी पाणी भरून बाजूला झाल्या, त्याच क्षणी मी आमची हिरवी घागर लावली. बारा हापशांत भरली. दुसरी चोवीसला, तिसरी छत्तीसला. मी तिथेच तक्ता केला: घागरी एक, हापसे बारा, घागरी दोन, हापसे चोवीस, असा थेट पाचाला साठ. कुठल्याही ओळीत भागाकार करा, उत्तर बारा. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

ठरलं. दर घराला रोज साठ हापसे. तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपाला बांधला. मामा मला सरऐवजी 'सार' म्हणत. ते म्हणाले, "योजना सारांची, तेव्हा पहाटेची पहिली पाळी सारांच्या घराला." टाळ्यासुद्धा वाजल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात रोज अडीच घागरी पाणी येऊ लागलं.

आता आमच्या घराविषयी सांगायला हवं. मी मिरजेचा. बायको सुधा तंजावरच्या मराठी घराण्यातली. सासरे गेल्यापासून सासूबाई आणि धाकटी मेहुणी कमला आमच्याकडेच राहत. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणत. त्यांचं मराठी जुनं, त्यात तमिळ मिसळलेलं, आणि जावयाला त्या 'माप्ळे' म्हणत. पंपावर पहाटे त्या आणि सुधा जायच्या.

"माप्ळे, पहिल्याला पंपांत नुसतं वारंच येतं की," अम्मा म्हणाल्या.

"अम्मा, वारा तक्त्यात नाही."

"तक्त्यांत नाहीं तरी पंपांत आहे."

"तुम्ही दांडा पूर्ण खाली आणत नसाल."

सुधाने माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या दिवशी मला अर्ध्या तांब्यात अंघोळ करावी लागली. असे पंधरा दिवस गेले. बाकीची सात घरं पाच-पाच घागरी नेत होती आणि मला आशीर्वाद देत होती. मी रोज घरी दांडा मारण्याची योग्य पद्धत समजावून सांगत होतो.

अशात कमलाला बघायला येण्याचा निरोप आला. मुलगा माधवराव, मद्रासबाहेरच्या आवडी गावी एका कारखान्यात इंजिनीअर. कमलाची दोन स्थळं आधीच फिसकटली होती. अम्मांनी याच्यासाठी नवस बोलला होता. कमला काहीच बोलत नव्हती, पण तिने निळी साडी दोनदा इस्त्री केली होती. आम्हा सगळ्यांना ते स्थळ हवं होतं, आणि मी घरातला एकटा पुरुष म्हणून सगळी जबाबदारी माझी होती. पाहुणे नऊ येणार. शिरा, भजी, कॉफी, हातपाय धुणं. दहा घागरी तरी हव्यात.

मी रंगाचारी मामांकडून त्या दिवसापुरती खास परवानगी काढली. दहा घागरी, म्हणजे एकशेवीस हापसे. आणि जाहीर केलं, "आज मी स्वतः हापसतो. बघाच."

सगळी इमारत गॅलरीत आली. मामा तमिळमध्ये मोठ्याने आकडे म्हणू लागले. दहा झाले, वीस झाले, पाणी नाही. तिसाव्याला पंपाने ढेकर दिली आणि धार लागली. बेचाळीसला पहिली घागर भरली. इथे मी दांडा सोडून गॅलरीकडे वळलो आणि भाषण केलं, "सुरुवातीला हात बसायला वेळ लागतो. आता बघा वेग." भाषण छान झालं, पण परत दांडा धरला तर पुन्हा वारा! पुन्हा तीस हापसे कोरडे. चौऱ्याऐंशीला दुसरी घागर.

"माप्ळे, बोलूं नका, हापसा," वरून अम्मा.

"अम्मा, मला शिकवू नका," असं म्हणायला मी थांबलो. नुसतं तेवढंच नाही म्हटलं, कारणंही दिली. मग आणखी तीस कोरडे. एकशेवीसाव्या हापशाला तिसरी घागर अर्धी भरली होती आणि मामा म्हणाले, "मुडिंजिदु, सार." संपलं.

साठ हापशांत अडीच घागरी येत होत्या. मी एकशेवीस मारले आणि अडीचच आणल्या. हे कुठल्याही गणितात बसत नाही. मी मामांच्या विनवण्या केल्या. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि मला माझीच सही दाखवली.

त्या अडीच घागरींत शिरा झाला, भजी झाली, भांडी झाली. पाहुणे आवडीहून दोन गाड्या बदलून घामाघूम होऊन आले. कमलाने सगळ्यांना पाणी दिलं, अर्धा-अर्धा पेला. मुलाच्या आईने पेल्यात डोकावून पाहिलं. मुलाचे काका म्हणाले, "बाथरूम कुठे आहे?"

अम्मांचा चेहरा असा झाला की मला खरंच लाज वाटली. कमला आत गेली आणि दाराआड उभी राहिली. तिसरं स्थळही गेलं असं तिने धरून टाकलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

मी सगळं कबूल केलं. पंप, तक्ता, भाषणं, सगळं. माधवराव शांतपणे ऐकत होता. मग बाह्या सारून म्हणाला, "सर, चला, पंप पाहूं."

रंगाचारी मामा आडवे आले, पण नियमांत पाहुण्यांविषयी काहीच नव्हतं. तेव्हा त्यांनी कर्तव्य म्हणून मोजायला सुरुवात केली. माधवराव न बोलता, न थांबता हापसत राहिला. तीसपर्यंत वारा. बेचाळीसला एक घागर, चौपन्नला दोन, सहासष्टला तीन. एकशेपन्नासला दहा घागरी ओळीने भरून उभ्या होत्या. काका पहिली उचलून धावत गेले.

मग माधवरावाने माझा तक्ता उलटा केला आणि खिशातलं पेन काढलं.

"सर, वायसर झिजलाय. दांडा थांबला की चढलेलं पाणी खाली जातं. तें वर आणायला तीस लागतात. तुम्ही मोजलंत तेव्हां मामींनी पाणी वर आणून ठेवलेलं होतं. पहिली पाळी तुमची, म्हणून रोज तें तुम्ही सगळ्यांसाठी वर आणतां." त्याने लिहिलं: घागरी शून्य, हापसे तीस. "बेचाळीस भागिले एक, बेचाळीस. चौपन्न भागिले दोन, सत्तावीस. सहासष्ट भागिले तीन, बावीस. दरवेळी बारा वाढतात, पण भागाकार एक येत नाहीं. मग हें समप्रमाण नव्हे."

हे वाक्य मी तक्ता केला त्याच आठवड्यात सातवीच्या फळ्यावर लिहिलं होतं. खाली दोनदा रेघही मारली होती.

वर पाहिलं तर कमला गॅलरीत होती. निळ्या साडीत, तोंडावर पदर धरून हसत होती, आणि माधवरावाचे आकडे आपोआप चुकायला लागले होते. कॉफी व्हायच्या आत अम्मांनी कमलाला कोपऱ्यात नेऊन विचारलं आणि ती एवढंच म्हणाली, "होय."

लग्न थाटात झालं. मांडवात अम्मा एकेका पाहुण्याला दोन्ही जावयांची ओळख करून देत होत्या. माझ्यापाशी आल्या, खांद्यावर मायेने हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे थोरले माप्ळे. हे म्हणजे पहिले तीस हापसे." मग माधवरावाकडे वळल्या. "पाणी ह्यांच्यापासून लागलं."