थंडीतला कूलर

वंदना गेल्याचा फोन आला, तेव्हा तिच्याशी माझा अबोला होता. कामासाठी ती बुलडाण्याला गेली होती, तिथेच हृदय बंद पडलं. माणूस गेलं की त्याचं गोड तेवढं लिहावं, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. धाकटी बहीण होती माझी, आणि मी तिच्यावर अजून चिडलेली आहे.

मलकापूरच्या आमच्या घरात मागची खोली तिची. परीक्षेची धास्ती घेतलेल्या मुलांचं समुपदेशन ती तिथून ऑनलाइन करायची. मुलांचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये. पण तिचं बोलणंही बाहेर जाऊ नये म्हणून दाराबाहेर कूलर लावून ठेवायची. पाणी न भरता, ऐन थंडीतसुद्धा! आम्ही त्या घरघरीत स्वयंपाक करायचा. "कोनाचं पोरगं होतं वं?" एवढं साधं विचारलं तरी बाईसाहेबांचं तोंड शिवलेलं.

मग माझीच नेहा मेडिकल प्रवेशाच्या सराव परीक्षेआधी उलट्या करायला लागली. घरात समुपदेशक असताना मी आणखी कुठे जाणार? तर वंदना सरळ म्हणाली, "ताई, नेहाले मी घेत नाही."

"लोकायच्या पोरायसाठी तुले टाइम हाये, घरच्या पोरीसाठी नाही? काऊन?"

"मी तिची मावशी हाये. मावशी आईले सांगीन, ह्या भेवानं ती मले खरं सांगणारच नाही."

आणि तिनं नेहाला पुण्याच्या कुठल्याशा अनोळखी बाईंकडे सोपवलं. उलट्या थांबल्या, मान्य. पण पोटची पोर स्क्रीनवरच्या परकीशी हसते-रडते आणि मी पायरीवर बसून भाजी निवडते... तेव्हापासून मी वंदनाशी बोलणं टाकलं. तिनं केलेला चहाही घेत नव्हते.

तेरवी झाली. परवा नेहा मावशीच्या खोलीत जाऊन बसली. "आई, माह्यं सेशन हाये. तू बाहेर बस."

"मावशीचं दुःख बी त्या बाईलेच सांगशीन? सख्खी बहीण मी हाये तिची!"

"मी तुह्यासमोर रडली, तं तू मावशीलेच बोल लावशीन."

दार लागलं. आतून "मॅडम, माही मावशी..." एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसते हुंदके. मला सगळं ऐकायचं होतं. दाराला कान लावायला म्हणूनच मी उठले. तिथे वंदनाचा कूलर तसाच उभा होता. मी बटण दाबलं. घरघर सुरू झाली.

राग अजून आहे, वंदने. पण आता आतलं काही ऐकू येत नाही.