कंडक्टरकाकांची खुर्ची

कंडक्टरकाकांची आणि माझी ओळख काठीनेच झाली. वृद्धाश्रमात नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी हॉलच्या दाराजवळची खुर्ची रिकामी दिसली म्हणून मी टेकले, तर पाठीत काठीचं टोक. "उठा बाई. ही कंडक्टरची जागा हाय." उठले. काय करते?

काकांची सगळी हयात एसटीत गेली, पैठणच्या गाडीवर. म्हातारपणी आठवणींचा पार गोंधळ झाला, पण नोकरी तेवढी डोक्यातून गेली नाही. आमचा हॉल ही त्यांची बस. "पुढं सरका, पुढं लई जागा हाय," म्हणत ते सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारायचे. आमच्या आजीबाई बिचाऱ्या सरकायच्याही.

सरकले नाहीत ते एकटे रहीमचाचा. औरंगपुऱ्यात जन्मभर शिलाई केलेला माणूस. जिभेलाही कात्रीची धार. कंबर दुखायची म्हणून त्यांना तीच हातांची खुर्ची हवी असायची. "गाडी तुम्हारे अब्बा की है क्या?" असं म्हणून ते एकदा बसूनच राहिले. काकांनी काठी घातली. चाचांचा चष्मा फुटला, भुवईतून रक्त आलं. मॅनेजरसाहेबांनी सांगून टाकलं, "पुन्हा हात उचलला तर यांना इथं ठेवता येणार नाही." मग जाणार कुठं हा माणूस? एक पुतण्या होता, तो फोनच उचलायचा नाही. मला काकांचा रागही आला आणि त्यांच्यासाठी जीवही तुटला.

चार दिवसांनी चाचा कपाळाला पट्टी लावून हॉलच्या दाराशी आले. काकांनी काठी सरसावली. मी धावले. चाचा उंबऱ्याबाहेरच थांबले आणि अदबीनं म्हणाले, "पैठण जायेगी क्या?"

काठी खाली आली. "जाईल की. सावकाश चढा, चाचा. खिडकीजवळ बसा." काकांनी स्वतः हात धरून बसवलं.

हे सुचलं कसं, असं मी नंतर विचारलं, तर चाचा म्हणाले, "मेरा ससुराल पैठण है, बेटी. कंडक्टर से लड़ के कौन ससुराल पहुँचा?"

मग आश्रमात शिरस्ताच पडला. हॉलमध्ये शिरायचं तर आधी पैठणची गाडी का म्हणून विचारायचं. काकांचा हात पुन्हा कोणावर उठला नाही. मॅनेजरसाहेब राहायला वाळूजला, ते खरं गाव सांगून बसायचे आणि काका त्यांना दर वेळी परत पाठवायचे, "ही गाडी वाळूजला जात नाय."

काका झोपेतच गेले. अस्थी पैठणला नेल्या, तेव्हा चाचा हट्टानं सोबत आले.

परवा एक नवे आजोबा आले आणि दाराजवळच्या त्या खुर्चीत बसले. मागून त्यांच्या पाठीला काठीचं टोक लागलं.

"उठो मियाँ. कंडक्टर की जगह है."

काठी काकांचीच होती, हात चाचांचा. मी आजोबांना आधी खिडकीजवळ बसवलं, मग डोळे पुसले.