अकरा चाळीसची उडी

संभाजीनगरात राहून समुद्रावर नोकरी करणारे आम्ही तिघं: आमच्या मॅडम, देवगाव रंगारीचा रंगनाथ आणि गुलमंडीतल्या कापडवाल्याचा मुलगा म्हणजे मी. वर्षातून दोनदा जहाजावर जायचं, समुद्रानं हवेतला कार्बन किती गिळला आणि पाणी किती आंबटलं ते मोजायचं, बाटल्या भरून घरी यायचं. समुद्र नसलेल्या गावात हे सांगत फिरलं की किस्से आपोआप साठतात. आता ठेवायला जागा नाही म्हणून तुमच्यापुढं ओततो!

•

एका वर्षी रंगनाथचं लग्न जमत नव्हतं. घर मेंढपाळाचं, पोरगा एम.एस्सी., स्वभाव सोन्यासारखा. पण नोकरीपाशी गाडी अडायची. एका ठिकाणी मुलीच्या मामानं विचारलं, "करता काय?"

"समुद्राचं पाणी मोजतो."

"बरं," मामा म्हणाला. "मग किती भरलं?"

नकार!

•

दुसरीकडं मुलीच्या आजीनं थेट मुद्द्याला हात घातला. "पोहता येतं का?"

"नाय."

"अन् जहाजावर नोकरी?"

"आज्जी, विमानातल्या लोकास्नी उडता येतं व्हय?"

उत्तर मला लई आवडलं. आजीला आवडलं नाही.

•

रंगनाथच्या पहिल्या सफरीतली गोष्ट. जहाज हललं आणि रंगनाथ तोंड दाबून कठड्याकडं पळाला. मागून मॅडम ओरडल्या, "त्या बाजूला नको! तिथून आपण सॅम्पल घेतो!"

बिचारा तसाच, गाल फुगवून, दुसऱ्या बाजूला धावला. तिथं जागा नव्हती. तिथं मी होतो.

•

मग वैजापूरचं स्थळ आलं. मुलीचे वडील भाऊसाहेब, कांद्याचे व्यापारी. मुलगी सुनीता. भाऊसाहेब म्हणाले, आधी नोकरी बघू, मग मुलगा. दोघं आमच्या लॅबमध्ये आले. रंगनाथनं घाम पुसत सगळं समजावलं.

"आमच्या गाड्यांचा धूर समुद्र पितो म्हणता?"

"व्हय मामा, बराचसा."

"फुकट?"

"व्हय."

"मग तुमची अडचण काय हाय?"

"त्यानं पाणी आंबट व्हतंय. शिंपल्यांची कवचं पातळ पडत्यात."

भाऊसाहेबांनी विचार केला. "समुद्रानं अर्ज दिलाय का तसा?"

"नाय."

"मग तुम्ही कशाला पडता मधी?"

तेवढ्यात सुनीता वडलांना म्हणाली, "दादा, शिंपल्यानं अर्ज द्यायचा कुठं? तहसीलला?"

रंगनाथ तिच्याकडं असा बघत राहिला की हातातली बाटली मला काढून घ्यावी लागली. भाऊसाहेब मात्र "विचार करून कळवतो" म्हणून निघून गेले, आणि चार दिवसांनी आम्ही जहाजावर.

•

आता शेवटचा.

जहाजाच्या पुढच्या टोकाला एक नळी असते. ती हवा ओढते आणि यंत्र हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. तिथं उभं राहायला सक्त मनाई, कारण माणसाचा श्वास आत गेला की आकडा उडी मारतो. प्रत्येक उडीची वेळ आणि कारण वहीत लिहायचं हा मॅडमचा नियम. उदाहरणार्थ: "नऊ पाच. उडी. कारण: आचाऱ्यानं विडी ओढली."

नेमकं सॅटेलाइट फोनला सिग्नल मिळायचा तो तिथंच!

भाऊसाहेबांचा निरोप आला: मुहूर्त काढलाय, अकरा वाजून अडतीस मिनिटांनी फोन करा, मुलगी स्वतः काय ते सांगेल. रंगनाथचा चेहरा पांढराफटक. गेल्या सगळ्या नकारांनी पोरगा खचला होता, आणि ही मुलगी त्याला मनापासून आवडली होती. मॅडमनाही ते कळत होतं. त्या म्हणाल्या, "जा. पण तोंड नळीकडं नको. बाकीच्यांनी यायचं नाही."

सगळे गेले. आचारीसुद्धा!

"मग श्वास तरी रोखा!" मॅडम ओरडल्या.

आम्ही दहा-बारा माणसं गाल फुगवून उभे. रंगनाथ फोन कानाला लावून नुसता "व्हय... व्हय... व्हय" करतोय. आमचे डोळे बाहेर यायची वेळ. शेवटी त्यानं फोन खाली केला, डोळे पुसले आणि म्हणाला, "व्हय म्हणाली."

सगळ्यांचा श्वास एकदमच सुटला. वर आरडाओरडा, मिठ्या, आचाऱ्याची शिट्टी. यंत्रावरची रेघ सरळ आभाळाला भिडली.

मॅडम तरातरा आत गेल्या. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी वही ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: "अकरा चाळीस. उडी. कारण: मुलगी हो म्हणाली."

पुढं ती वही तपासणीला बाहेरच्या एका प्रयोगशाळेत गेली. तिथले लोक भलतेच कडक. विडीसमोर लाल शाईनं शेरा आला: "पुन्हा असे होऊ नये."

आणि अकरा चाळीससमोर: "कारण मान्य. उडी अपेक्षेपेक्षा लहान वाटते."